कडी आतून होती

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे, पण माझ्यामागे घर असं कधीच नव्हतं. माझ्या एका अंगाला तीन खुर्च्या, एक मेज आणि रंगवलेली खिडकी असायची. त्या बाजूला घर म्हणायचे. दुसऱ्या अंगाला रिकाम्या फळ्या असायच्या. त्या बाजूला गल्ली म्हणायचे. मधे मी. समोर अंधारात बसलेले प्रेक्षक माझ्या दोन्ही बाजू एकाच वेळी बघू शकायचे, म्हणून तर मला रंगमंचाच्या मधोमध, कड प्रेक्षकांकडे करून उभा करत. मी नाटकातला दरवाजा. आयुष्यभर लोकांनी मला उघडला, लावला, आपटला आणि प्रयोग संपला की दोघांनी मिळून ट्रकमध्ये टाकला.

माझ्याआधी त्या जागी एक कापडी दार होतं. लाकडी पट्ट्यांवर जाड कापड ताणून वर रंग दिलेला. दुरून हुबेहूब दिसायचं. पण पहिल्याच प्रयोगात नानांनी रागाच्या भरात ते धाडकन लावलं, आणि दारासकट भिंत, खिडकी, भिंतीवरचं घड्याळ असं सगळं घर डुलायला लागलं. बापाचा संताप टिपेला पोचलेला आणि सभागृहात हशा.

नाना म्हणजे त्या नाटक मंडळीचे मालक. नाटकातले बापही तेच. उंच, आवाज असा की शेवटच्या रांगेतला डुलक्या घेणारा माणूसही सावरून बसावा. हशा त्यांना वर्ज्य नव्हता, पण तो त्यांनी मागितल्यावर मिळायला हवा. न मागता आलेलं हसू त्यांच्या जिव्हारी लागायचं. पडदा पडल्याबरोबर त्यांनी मंडळीच्या सुतारांना हाक मारली. सगळे त्यांना सुतारकाका म्हणत. सडपातळ अंगाचे, कानावर पेन्सिल, तोंडात शब्द मोजकेच.

“दार खोटं असलं तरी चालेल,” नाना म्हणाले, “पण आपटल्याचा आवाज खरा आला पाहिजे.”

“आवाज खरा पाहिजे तर दारही खरंच करावं लागेल,” सुतारकाका म्हणाले, आणि कामाला लागले.

असा मी जन्मलो. सुतारकाकांनी सागवानाच्या जुन्या फळ्या मिळवल्या, रंधा मारून त्या सारख्या केल्या, चौकटीच्या पायाला मागून तिरके टेकू दिले. बिजागऱ्या लोखंडी. आतल्या अंगाला एक दणकट कडी. ती लावली की ‘खट्‌’ असा आवाज व्हायचा आणि तो आवाज झाला की सभागृहातली कुजबुज थांबायची. त्या कडीचा मला मोठा अभिमान होता.

आता ते नाटक काय होतं ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. नाटक जुनं होतं, कित्येक पिढ्यांच्या पाठ झालेलं. एका विणकराची मुलगी आणि शेजारच्या रंगाऱ्याचा मुलगा यांचं एकमेकांवर प्रेम बसतं. दोघांचे बाप पूर्वी भागीदार, आता एकमेकांचं तोंड बघत नाहीत. विणकर मुलीला बजावतो, त्या घराकडे पाऊल टाकलंस तर या घरात परत येऊ नकोस. मुलगी जाते. वादळाची संध्याकाळ असते, नदी चढलेली असते. मुलाचा मित्र त्या दोघांना पलीकडे नेण्यासाठी मोठी होडी आणणार असतो, पण कुठल्याशा क्षुल्लक बोलण्यावरून तो रुसलेला असतो आणि येतच नाही. घाबरलेली मुलगी घरी परत येते. इकडे बापाने मला लावून घेतलेलं असतं. कडी सरकवतो आणि म्हणतो, “ही जो काढेल त्याचं या घराशी नातं तुटलं.” मग तो आतल्या खोलीत निघून जातो.

मुलगी दारावर थाप मारते. घरात असते तिची आत्या, नवरा गेल्यापासून भावाकडे राहिलेली. तिला थाप ऐकू येते. ती उठते, माझ्यापाशी येते, कडीवर हात ठेवते. माझ्या अलीकडे आत्याचा हात, पलीकडे मुलीचा तळवा, मधे बोटभर जाडीचं लाकूड. आणि मग आत्या हात काढून घेते. म्हणते, “सकाळी बघू.”

सकाळ होत नाही. मुलगी वळते, मुलाला गाठते, दोघं एका लहानशा फुटक्या होडीत बसतात आणि नदी त्यांना नेते. शेवटच्या अंकात बाप मला उघडतो, आणि लोक त्या दोघांना माझ्यातून आत घेऊन येतात.

या नाटकाचे आम्ही गावोगाव प्रयोग केले. प्रयोग संपला की सामान बांधता बांधता एकच वाद. त्या दोघांच्या मरणाला जबाबदार कोण? गंमत अशी की आपली भूमिका जो तो पाठीशी घालायचा.

“बापाला थाप ऐकूच येत नाही,” नाना दाढी उतरवत म्हणायचे. “तो आतल्या खोलीत असतो, बाहेर वादळ असतं. ऐकू आली असती तर त्याने दार उघडलं असतं. बोलला रागात, पण शेवटी बाप आहे.”

आत्याचं काम करायच्या त्या अक्का. मंडळीत सर्वांत जुन्या. त्यांच्या हातचा चहा प्यायल्याशिवाय कुणी तोंडाला रंग लावत नसे. अक्का म्हणायच्या, “आत्याला काय बोलता? दुसऱ्याच्या घरात राहणारी बाई ती. कडी काढली असती तर तीही रस्त्यावर. बोलणाऱ्यांचं काय जातंय?”

आणि मित्राचं काम करणारा भोपळ्या, अंगाने गोल आणि स्वभावाने त्याहून गोल, हात वर करून म्हणायचा, “मी फक्त रुसलो होतो हो. एवढ्या मोठ्या नाटकात मला रुसायचीसुद्धा सोय नाही का?”

सगळे हसायचे. मग मला ताडपत्रीत गुंडाळायचे.

नाटकातल्या मुलीचं काम नानांची धाकटी मुलगी करायची. थोरलीचं लग्न होऊन ती दूर गेली होती, म्हणून हिला सगळे धाकटीच म्हणत. आई लहानपणीच गेलेली. विंगेतल्या पेटाऱ्यांवर झोपून, अक्कांच्या मांडीवर जेवून ती वाढली. मित्रांनो, माझ्यावर थाप पुष्कळांनी मारली, पण धाकटीसारखी कुणी नाही. ती आधी नुसता तळवा ठेवायची. ‘घरात कुणी आहे ना?’ असं दारालाच विचारावं तसा. मग हलकी थाप. मग जरा जोराची. सभागृहातल्या बायका त्या वेळी पदर तोंडाशी न्यायच्या. घरच्या अंगाला विंगेत उभे असलेले नाना, नाटकापुरते आतल्या खोलीत गेलेले, तिच्याकडे बघत राहायचे. त्यांच्या डोळ्यांत कौतुक मावत नसे.

दिवे सांभाळायला सुतारकाकांचा मुलगा होता. बापासारखाच अबोल. शिडीवर चढून तो दिव्यांची तोंडं अशी फिरवायचा की रंगवलेल्या खिडकीतून खरंच संध्याकाळ आत यावी. अक्कांनी त्याचं नाव ठेवलं होतं उजेड. “काय उजेड पाडलास आज?” असं त्या रोज विचारायच्या आणि तो रोज लाजायचा. धाकटी थाप मारताना त्याचा दिवा तिच्या चेहऱ्यावर एखादा श्वास जास्त रेंगाळायचा. मी जवळून बघत होतो. बाकीच्यांना ते दिवेकाम वाटायचं.

मग तो वाईट प्रयोग आला.

आम्ही भर पावसातून आलो होतो. ट्रकमध्ये माझ्यावरची ताडपत्री सुटलेली होती आणि मी रस्ताभर भिजलो होतो. लाकूड पाणी पितं, फुगतं, हे सुतारकाकांना ठाऊक होतं. त्यांनी नानांना सांगितलं, “आज दार नको. एक दिवस वाळू द्या, मग कडेने रंधा मारतो.” नाना म्हणाले, “तिकिटं गेली आहेत. दाराशिवाय नाटक कसं करू?”

पहिले दोन अंक कसेबसे निभले. तिसऱ्यात बापाने दार उघडायचं होतं. बाहेर माणसं त्या दोघांना घेऊन उभी. नानांनी कडी काढली, मला ओढलं. मी चौकटीत घट्ट बसलो होतो. त्यांनी पुन्हा ओढलं. पाय लावून ओढलं. शेवटी चौकटीसकट मी त्यांच्या अंगावर आलो, आणि गल्लीतून कुणीतरी हळूच म्हणालं, “आम्ही इकडून येऊ का?”

तो भोपळ्या होता. तो मदत करायला बोलला होता, पण सभागृह हसता हसता आडवं झालं. मेलेल्या नायकाचे खांदेसुद्धा हलत होते.

पडदा पडल्यावर नाना सगळ्यांदेखत सुतारकाकांना नाही नाही ते बोलले. ताडपत्री बांधायचं काम भोपळ्याचं होतं, पण तो खाली मान घालून गप्प राहिला. सुतारकाकांनी एकदाही सांगितलं नाही की मी तर आधीच बोललो होतो. त्यांनी करवत, रंधा, पटाशी पिशवीत भरली. माझ्या कडेवरून एकदा अंगठा फिरवला. आणि गेले. पुढे ते दुसऱ्या मंडळीत लागल्याचं कळलं, तेव्हा नाना म्हणाले, “भर हंगामात मला सोडून गेला. अशा माणसाचं तोंड बघायचं नाही.”

उजेड मात्र राहिला. नानांना वाटलं, पोराचं दिव्यांवर प्रेम आहे. ते चूक नव्हतं, पण पुरतं बरोबरही नव्हतं.

धाकटीने वडिलांना सांगितलं ते तालमीच्या वेळी. दुपार होती, सभागृह रिकामं. मी उभा केलेला, नाना मेजापाशी. उजेड शिडीवर. तीच पुढे आली.

“नाना, मी आणि हा लग्न करायचं म्हणतोय.”

नानांनी शिडीकडे बघितलं. “कोण? हा?”

“हो.”

“सुताराच्या घरात जाणार तू? ज्याने माझं हसं केलं त्याच्या?”

“हसं त्यांनी नाही केलं, नाना. ते बिचारे दार नको म्हणत होते.”

“म्हणजे मी केलं?”

धाकटी काही बोलली नाही. ते न बोलणं नानांना जास्त लागलं. ते उभे राहिले. आवाज चढवला नाही, आणि त्यामुळे मला जास्त भीती वाटली.

“मग या नाटकात तुला जागा नाही,” ते म्हणाले. “आणि घरातही नाही.”

अक्का तिथेच चहाचे पेले गोळा करत होत्या. भोपळ्या बुटाची नाडी बांधत होता. दोघांनीही मान वर केली नाही. अक्का मनात म्हणाल्या असतील, नानांचा राग शांत होऊ दे, मग बोलू. असंच म्हणाल्या असतील, कारण पुढे किती ऋतू गेले तरी त्या हेच म्हणत राहिल्या.

धाकटी आणि उजेड त्याच आठवड्यात गेले. सरकारी कचेरीत लग्न केलं, दुसऱ्या शहरात एका सभागृहात कामाला लागले. आमच्याकडे नवी मुलगी आली. गुणी होती, पण थाप अशी मारायची की अक्का म्हणायच्या, “दूधवाल्याने कडी वाजवावी तशी वाजवते.” हे सांगून त्या हसायच्या, आणि मग एकदम उठून पेले गोळा करायला लागायच्या. नानांचं काम मात्र पहिल्यापेक्षा उठावदार व्हायला लागलं. कडी सरकवताना त्यांची बोटं पांढरी पडायची. त्यांना टाळ्या पडायच्या. टाळ्या ऐकून ते विंगेत येत आणि कुणाशीही न बोलता पाणी पीत बसत. धाकटीचं नाव मंडळीत कुणी काढायचं नाही असा नियम कुणी केला नव्हता. तो आपोआप झाला होता, आणि सगळे तो मनापासून पाळत होते.

अशी काही वर्षं गेली. मग एका गावात शाळेच्या मुलांसाठी दुपारचा प्रयोग ठरला. नाटक त्यांच्या अभ्यासाला होतं. प्रयोगानंतर नटांनी मंचावर बसायचं आणि मुलांनी प्रश्न विचारायचे असा बेत होता.

प्रयोगाला अवकाश होता. मी विंगेत भिंतीला टेकलेला. मागच्या दाराने एक बाई आत आली. कडेवर लहान मूल. ती माझ्यापाशी थांबली आणि तिने माझ्यावर तळवा ठेवला, आणि मी ओळखलं. धाकटी होती. रोडावलेली, चेहरा उन्हाने रापलेला.

अक्का चहाची किटली घेऊन आल्या आणि जागच्या जागी थबकल्या. मग किटली खाली ठेवून त्यांनी धाकटीला जवळ घेतलं, मूल मधे दाबलं गेलं म्हणून ते कुरकुरलं.

“अगं, किती वाळलीस. आणि हे कोण?”

“मुलगी आहे, अक्का. आणि उजेड शिडीवरून पडला होता. कंबरेचं हाड मोडलं. आता चालतो, पण शिडी चढायची नाही म्हणतात. त्याच्या बाबांनी बोलावलंय, त्यांच्याकडे. फार लांब आहे. आजच्या संध्याकाळच्या गाडीने निघतोय. वाटेत हे गाव लागलं, पाटीवर नाटकाचं नाव बघितलं.” ती थांबली. “नाना भेटतील का? नुसतं हिला बघू देत. मी काही मागायला आले नाही.”

अक्कांनी रंगपटाकडे बघितलं. आतून नानांचा आवाज येत होता. नव्या मुलीला ते झापत होते.

“आज नको गं,” अक्का हलकेच म्हणाल्या. “आज त्यांचं डोकं ठिकाणावर नाही. प्रयोगाच्या आधी काही झालं तर सगळा दिवस जाईल. त्यांचा राग उतरला की मीच बोलते. मग ये.”

“अक्का, संध्याकाळी जातोय आम्ही.”

“मग पत्ता कळव. मी बघते ना.”

भोपळ्या आरशासमोर बसला होता. आरशातून त्याने सगळं बघितलं. मग त्याने भुवयांना काजळ लावायला घेतलं, आधी लावलेलं असूनही.

धाकटीने मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. “स्टँडच्या मागे लॉज आहे, तिथे आहोत,” ती म्हणाली, आणि आली तशी गेली.

प्रयोग झाला. मुलांनी तो श्वास रोखून बघितला. पडदा पडला, परत उघडला, आणि नाना, अक्का, भोपळ्या, नवी मुलगी असे सगळे वेशभूषेतच खुर्च्यांवर बसले. मी मधे उभा. शाळेचे गुरुजी उठले. उत्साही माणूस. म्हणाले, “आपण हात वर करून मत देऊ. त्या दोघांच्या मृत्यूला जबाबदार कोण?”

“नियती आणि परिस्थिती,” पुढच्या रांगेतली मुलं एका सुरात म्हणाली. गाईडमध्ये तसं लिहिलेलं असावं.

“ते परीक्षेत लिहा,” गुरुजी म्हणाले. “इथे माणसाचं नाव सांगा. बाप?”

हातांचं रान उठलं. नानांनी हसून मान झुकवली आणि आपलं नेहमीचं सांगितलं, की बापाला थाप ऐकू आलीच नव्हती. काही हात खाली गेले. मग मित्राला मतं पडली. भोपळ्याने कान धरून दाखवले, मुलं हसली. आत्याला फक्त दोन हात. त्यातला एक हात वर केलेली मुलगी उभी राहिली. लांब वेण्या, खणखणीत आवाज.

“मला दोनदा मत द्यायचं आहे,” ती म्हणाली. “बापाला आणि आत्याला.”

“एकदाच द्यायचं,” गुरुजी म्हणाले.

“मग आत्याला.”

अक्का खुर्चीत पुढे झुकल्या. आवाज मायेचा होता. “का गं बाळ? ती दुसऱ्याच्या घरात राहणारी बिचारी. तिने कडी काढली असती तर भावाने तिला हाकललं असतं.”

“कडी नका काढू,” मुलगी म्हणाली. “पण भावाला जाऊन सांगायचं ना, की बाहेर मुलगी आली आहे. त्याला माहीतच नव्हतं असं ते आत्ता म्हणाले. मग त्याने उघडलं असतं की नसतं, ते त्याच्यावर. हिने सांगितलंच नाही. तो रागवेल म्हणून तिने आपलं आपणच ठरवून टाकलं.”

अक्का उभ्या राहिल्या. मुलांकडे पाठ करून त्या नानांकडे वळल्या.

“नाना,” त्या म्हणाल्या, “धाकटी आली होती.”

नानांच्या चेहऱ्यावरचं पाहुण्यांसाठीचं हसू तसंच राहिलं, नुसतं आतून विझलं.

“कधी?”

“प्रयोगाच्या आधी. या दाराला टेकून उभी होती. कडेवर मुलगी होती. तुम्हाला दाखवायला आणली होती. मी म्हटलं, आज नको.”

मुलांना वाटलं, नाटक अजून चाललंय. मागच्या रांगेत कुणी टाळी वाजवली आणि शेजाऱ्याने त्याला गप्प केलं.

“मीपण बघितलं,” भोपळ्या खाली बघत म्हणाला. “आणि ती ताडपत्रीही माझ्याच हातची होती, नाना. तेव्हाची.”

मला वाटलं, आता नाना गरजतील. अक्कांनाही तेच वाटलं असावं, कारण त्यांनी डोळे मिटले. पण नाना बसल्या जागी लहान झाल्यासारखे दिसत होते.

“तुम्ही मला का नाही सांगितलंत?” त्यांनी विचारलं. खरंच विचारलं, दम देण्यासाठी नाही.

“तुमची भीती वाटते, नाना,” अक्का म्हणाल्या. “आम्हा सगळ्यांनाच.”

नानांनी हळूहळू एकेकाकडे बघितलं. सगळ्यांनी नजर खाली घेतली. मग त्यांनी विचारलं, “कुठे आहे ती?”

पुढचं मी बघितलं नाही, मी मंचावरच होतो. पण अक्का त्यांच्या मागे धावत गेल्या होत्या आणि त्यांनी ते इतक्यांदा सांगितलं की मी बघितल्यासारखंच झालं. नाना विणकराच्या वेशात, दाढीसकट, भर बाजारातून गेले. लोक वळून बघत होते. लॉजचा जिना चढून ते एका बंद दारासमोर आले आणि उभेच राहिले. हात वर जाईना. अक्का म्हणायच्या, आयुष्यभर हा माणूस दाराच्या आत उभा राहिलेला. बाहेर कसं उभं राहायचं, थाप कशी मारायची, त्यांना कुठे माहीत होतं?

शेवटी त्यांनी बोटांच्या पेरांनी वाजवलं, कुणाला ऐकू जाऊ नये असं.

“कोण आहे?” आतून उजेडचा आवाज.

सगळ्यांच्या भूमिका तोंडपाठ असलेले नाना एवढंच म्हणाले, “मी. बाहेर आहे.”

पावलं दारापर्यंत आली आणि थांबली. कडी निघाली नाही.

“नाना,” धाकटी आतून म्हणाली, “कशासाठी आलात?”

“तुला बघायला. तुझ्या मुलीला बघायला. तुम्ही आज जा, मी अडवत नाही. नसेल उघडायचं तर नको उघडूस. मी आलो होतो, एवढं तुला माहीत असू दे.”

अक्का सांगायच्या, तेवढा वेळ त्यांना सगळ्या प्रयोगांपेक्षा मोठा वाटला. मग कडी निघाली.

गळाभेट वगैरे झाली नाही. धाकटी बाजूला झाली, नाना आत गेले, कॉटच्या कडेला टेकले. नातीने दाढी बघून भोकाड पसरलं, म्हणून त्यांनी दाढी ओढून काढली. डिंकाबरोबर कातडी सोलवटली. उजेडला त्यांनी विचारलं, “चालताना दुखतं का?” तो म्हणाला, “थंडीत दुखतं.” नाना म्हणाले, “हं.” एवढंच. पण गाडी सुटेपर्यंत नात त्यांच्या मांडीवर होती, आणि स्टँडपर्यंत ट्रंक त्यांनी उचलली. खिडकीतून धाकटी म्हणाली, “पोचलो की कळवते.” नाना म्हणाले, “वाट बघतो.”

ती नंतर येत जात राहिली. वर्षातून एकदा, कधी दोनदा. सगळं पूर्वीसारखं झालं असं मी म्हणणार नाही. ती वडिलांशी बोलताना शब्द जपून वापरायची, आणि नानांना ते कळायचं. सुतारकाका मात्र परत आले नाहीत. नानांनी त्यांना बोलावणं पाठवायचं ठरवलं होतं. काय लिहावं, कसं लिहावं यात एक हंगाम गेला, आणि तेवढ्यात ते वारल्याचा निरोप आला. नाना त्या दिवशी माझ्या कडेवरून अंगठा फिरवत बराच वेळ बसले होते.

पण एक बदल झाला, आणि तो मी माझ्या अंगावर अनुभवला. त्या शाळेच्या प्रयोगानंतरच्या पहिल्याच प्रयोगात मुलीने थाप मारली, आत्याने कडीवर हात ठेवला, आणि त्याच क्षणी नाना आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर दिसले. पूर्वी ते कधी दिसत नसत. तालमीत त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. प्रेक्षकांना स्पष्ट दिसलं की बापाला थाप ऐकू आली आहे. तो एक पाऊल पुढे येतो. आत्याकडे बघतो, आत्या त्याच्याकडे बघते. आणि मग तो वळतो आणि आत निघून जातो.

अक्का कडी धरून नानांच्या पाठीकडे बघत राहिल्या, तो अभिनय नव्हता. “सकाळी बघू” हे शब्द त्या दिवशी त्यांच्या तोंडून जेमतेम निघाले. त्यानंतर नाना ती भूमिका कायम तशीच करत राहिले. सामान बांधताना कुणी तो जुना वाद काढला तर आता ते दाढी उतरवत म्हणायचे, “ऐकू आली होती त्याला.” त्यावर वाद पुढे जात नसे. मात्र अक्का एकदा म्हणाल्या, “तुम्ही सगळं तुमच्याकडे घेऊ नका, नाना. माझा वाटा मला राहू दे.” आणि भोपळ्या न हसता म्हणाला, “माझाही.” त्यामुळे नानांचा वाटा कमी झाला नाही, हे मला पक्कं माहीत आहे. कडी त्यांच्या हातची होती. पण त्या दिवसापासून ते एकटे पाणी पीत बसलेले मला दिसले नाहीत.

आता नाना नाहीत, अक्का नाहीत. मंडळी मोडली. मी एका सभागृहामागच्या कोठारात आहे, मोडक्या खुर्च्या आणि विटलेल्या पडद्यांच्या सोबतीने. खालच्या कोपऱ्याला वाळवी लागली आहे. बिजागऱ्या गंजल्या. पावसाळ्यात मी अजून फुगतो, पण आता कुणी ओढतच नाही, तेव्हा अडकायचा प्रश्न नाही. मधूनमधून कुणी वस्तू शोधत येतं, मला बाजूला सरकवतं, आणि जातं.

मित्रांनो, माझ्यासारखा जुना दरवाजा तुमच्याकडे असेल तर त्याला ऊन दाखवा, बिजागरीत तेलाचे दोन थेंब सोडा. पावसात ताडपत्री नीट बांधा, आणि सुटली तर “माझ्या हातून सुटली” असं त्याच दिवशी सांगून टाका. ते नाटक तुमच्या अभ्यासाला येईल तेव्हा जबाबदार कोण हा प्रश्नही येईल. उत्तर तुम्हाला हवं ते लिहा. मी फक्त एवढं मागतो, की तुमच्या दारावर कुणी थाप मारली तर आधी उठा. राग असला तर राग घेऊनच उठा. आणि कडी काढणं तुमच्या हाती नसलं, तर ज्याच्या हाती आहे त्याला जाऊन सांगा की बाहेर कुणी उभं आहे.